तीच बारा मिनिटं

आमच्याकडे लग्नकार्यात शेवटची पंगत उठली की बापूकाकांची एसटी निघायची. म्हणजे काका लगेच उठायचे नाहीत हां, आधी दोनदा ‘छे छे, आता वय झालं’ म्हणायचे, मग कुठलीतरी आत्या हाताला धरून उठवायची, मग खांद्यावरचा टॉवेल काखेत मारला की त्याची कंडक्टरची बॅग व्हायची आणि जिभेने टक्‌टक्‌ आवाज काढत वाई-महाबळेश्वर गाडी सुरू. कोंबडी घेऊन चढलेली म्हातारी, पोराचं वय कमी सांगून हाफ तिकीट मागणारा बाप, पसरणी घाटात खिडकी गाठायला धडपडणारा कोणीतरी, सगळे एकटे काकाच. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून बघत आलेय, कोंबडी कुठे ओरडणार ते पाठ आहे, तरी मसालेभाताचा आणि कोमेजत आलेल्या मोगऱ्याचा तो हॉलमधला वास आला की पुढे सतरंजीवर जागा धरायला पळायचे. गेल्या वर्षी एका चुलतभावाच्या मुलाने ते मोबाईलवर शूट केलं, छान एडिट करून, खाली अक्षरं वगैरे टाकून फॅमिली ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत ते बंगलोर, दुबई, न्यू जर्सी सगळीकडे फिरून आलं. काका भलतेच खूष. मग पुढच्या एका मुंजीत जेवणं झाली, आत्या उठली, आणि मागून कोणीतरी म्हणालं, ‘काका, एसटी नको ना आता, पाहिलीय सगळ्यांनी, काहीतरी नवीन करा.’ कुणाच्या मनात वाईट नव्हतं. काका हसले, ‘नवीन कुठनं आणू रे’ म्हणाले, काखेतला टॉवेल परत खांद्यावर टाकला आणि विड्याचं तबक पुढे ओढलं.

घरी येईपर्यंत तो टॉवेल काही डोक्यातून जाईना.

आणि मग आठवायला लागली ती शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन मंडळी. हे विचित्र वाटेल, पण मला बरीच वर्षं वॉडव्हिलचं, म्हणजे तिकडच्या स्टेजवरच्या त्या जुन्या करमणुकीच्या खेळांचं, वेड आहे. सायलेंट सिनेमे बघता बघता लागलं, की ही माणसं इतकी तयार होऊन कुठनं आली, आणि उत्तर जवळजवळ दरवेळी तेच, वॉडव्हिलमधून. एका तिकिटात आठ-नऊ अ‍ॅक्ट, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. कसरतवाले, मग दोघी बहिणींचं गाणं, मग एखादी छोटी नाटिका, मग शिकवलेली कुत्री, मग जादूगार, मग नुसती बडबड करणारे दोघं. लगेच कोणीतरी म्हणतं की हे आपल्या तमाशासारखंच, पण मला ते पटत नाही. तमाशात गण-गवळण ओलांडून आपण वगाकडे जातो, कुठेतरी पोचतो. इथे पोचायचं कुठेच नाही, दर दहा-बारा मिनिटांनी नवा संसार. त्यातही क्रम लावण्याची केवढी अक्कल. पहिला अ‍ॅक्ट बहुतेक बिनशब्दांचा, कसरतीचा किंवा जनावरांचा, कारण लोक अजून आत येतायत, खुर्च्या खाली पडतायत, बोललेलं ऐकू येणारच नाही. शेवटचाही तसलाच, कारण लोक टोप्या शोधत निघालेत. सगळ्यात मानाची जागा शेवटून दुसरी. आणि मागे मोठा सेट लावायचा असला की पुढच्या पडद्याबाहेर दोघा बडबड्यांना उभं करायचं, ते जोक मारतायत आणि त्यांच्या पाठीमागे हातोड्यांचं ठाकठूक चाललंय. मी कधीकधी त्या पहिल्या जागेवाल्यांचाच विचार करते. आयुष्यभर रोज जीव धोक्यात घालून उलट्या उड्या मारायच्या आणि समोर काय, तर तिकिटाचा नंबर आणि खुर्चीचा नंबर जुळवणारी माणसं.

तर ती बारा मिनिटं. नटाकडे एक अ‍ॅक्ट असायचा, त्याचा स्वतःचा, आणि तेवढ्यावर माणसं दहा-दहा, वीस-वीस वर्षं जगली. कारण देश प्रचंड आणि थिएटरं जिकडेतिकडे. पूर्वेकडे कीथ आणि अल्बी या दोघांची साखळी, पश्चिमेकडे ऑर्फियमची, शिवाय छोटी-मोठी किती तरी. एका गावात एक आठवडा, मग ट्रंक भरायची, रात्रीची ट्रेन, दुसरं गाव. त्याच गावात परत येईपर्यंत लोक निम्मं विसरलेले आणि उरलेलं आठवतंय म्हणून खूष. मला आधी वाटायचं की हा आळस आहे, एकच गोष्ट आयुष्यभर करायची म्हणजे काय. पण त्यांच्या आठवणी वाचल्या की कळतं की त्या बारा मिनिटांत सतत काहीतरी चाललेलं असायचं. एक शब्द काढला तर हशा मोठा येतो, टोपी डाव्या हातात घेतली तर मेला. जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी अ‍ॅलनचंच बघा ना. सुरुवातीला जोक बर्न्सचे होते, ग्रेसीने फक्त साधे प्रश्न विचारायचे. झालं काय, लोक तिच्या प्रश्नांना हसायला लागले आणि याच्या जोकला कोणी हसेना. बर्न्सने गुपचूप सगळे जोक तिला देऊन टाकले आणि स्वतः बाजूला उभा राहून सिगार ओढायला लागला. त्याआधी तो इतका पडेल नट होता की एकदा पाहिलेला मॅनेजर परत बोलवायचा नाही म्हणून सारखी नावं बदलायचा, हे तो स्वतःच मोठ्या चवीने सांगायचा.

दर सोमवारी सकाळी त्या गावच्या बँडबरोबर तालीम. जो आधी पोचेल त्याची तालीम आधी, आणि दोघांनी तेच गाणं आणलं असेल तर आधी आलेल्याचं गाणं राहणार, दुसऱ्याने बसावं बोंबलत. दुपारचा पहिला खेळ झाला की थिएटरचा मॅनेजर हेड ऑफिसला रिपोर्ट लिहायचा. हे रिपोर्ट अजून जपून ठेवलेत, आयोवाच्या विद्यापीठात आहेत. कोण किती मिनिटं होतं, हशा किती, कुठे पडलं, कुठला शब्द काढायला सांगितला. कारण कीथला सगळं स्वच्छ हवं होतं, बायकामुलांनी यावं म्हणून. साध्या साध्या शिव्या सोडा, नुसता उद्गार जरा रांगडा निघाला तरी काम गेलं अशा पाट्या आत लावलेल्या असायच्या. निळ्या पाकिटात सूचना यायची की अमुक ओळ कापा. चकचकीत संगमरवरी लॉबी, गालिचे, नम्र दरवान, आणि विंगेच्या आत ही दहशत. कमिशन वेगळं, एजंटचं वेगळं, रेल्वेभाडं, कपडे, सगळं स्वतःच्या खिशातून. दिवसाला दोन खेळ असलेलं थिएटर मिळालं तर तुम्ही मोठे, नाहीतर छोट्या थिएटरांत दिवसाला चार, पाच, जमेल तितके. नटांनी युनियन काढली, तीही फक्त गोऱ्या पुरुषांची. १९०१ ला संप केला, मग परत १९१६-१७ ला, आणि दुसऱ्यांदा अल्बीने ती मोडलीच. स्वतःची पाळीव संघटना काढली, तिचे मेंबर असाल तरच काम. युनियनचं क्लबहाऊससुद्धा त्या पाळीव संघटनेकडे गेलं. हे वाचून माझा फार संताप झाला होता.

सायलेंट सिनेमातला विनोदी नट बस्टर कीटन, त्याचं तर काय सांगावं. आईबापांबरोबर पाच वर्षांचा असताना स्टेजवर. बाप त्याला उचलून भिंतीवर फेकायचा, बँडच्या खड्ड्यात फेकायचा, फेकायला सोपं जावं म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली होती. मुलांच्या छळाविरुद्धची न्यूयॉर्कची संस्था त्यांच्या कायम मागावर असायची. कीटन पुढे सांगायचा की मला लागत नव्हतं, पडायचं कसं ते मला येत होतं. खरं असेल. पण त्याच आठवणीत हेही आहे की लहानपणी स्टेजवर तो मजेत हसला की लोकांचं हसू कमी व्हायचं, म्हणून बाप दबक्या आवाजात बजावायचा, ‘चेहरा! चेहरा!’ म्हणजे चेहरा थिजव. पुढे सिनेमात जगाने ज्या चेहऱ्यावर जीव टाकला तो हा, एका दारुड्या बापाच्या सूचनेने घडलेला. त्या दारूमुळेच १९१७ मध्ये तो अ‍ॅक्ट मोडला आणि पोरगा सिनेमात गेला. मी त्याचे सिनेमे अजूनही खदखदून हसत बघते, हे कबूल करायला जरा कसंतरी होतं.

आणि बर्ट विल्यम्स.

बहामाजमध्ये १८७४ ला जन्मलेला, उंच, सावळा, वाचनवेडा माणूस. त्याला स्वतःचा चेहरा जळक्या बुचाच्या काजळीने आणखी काळा करून, ओठ रंगवून स्टेजवर जावं लागायचं, कारण काळ्या माणसाचं जे सोंग गोरे नट काढत होते तेच प्रेक्षकांना बघायचं होतं. १९०३ मध्ये जॉर्ज वॉकरबरोबर त्याने ब्रॉडवेवर पूर्ण काळ्या नटसंचाचं संगीत नाटक नेलं, लंडनला राजवाड्यात खेळ झाला, १९१० पासून झीगफेल्ड या बड्या निर्मात्याच्या गोऱ्या कंपनीत तो मुख्य विनोदवीर. त्याने एका लेखात लिहिलंय की काळं असण्यात लाजिरवाणं काय आहे ते मला कधी सापडलं नाही, गैरसोयीचं मात्र अमेरिकेत पुष्कळदा वाटलं. या वाक्याला हसावं की नाही हेच कळत नाही. पण मला जास्त लक्षात राहिलाय तो त्याच लेखातला दुसरा भाग. त्याचं एक गाणं तुफान गाजलं, आपल्यासाठी कोणीच कधी काही केलं नाही असं रडगाणं गाणाऱ्या माणसाचं. तो म्हणतो, सात वर्षं मला ते गावं लागलं, दर महिन्याला टाकायचा प्रयत्न केला पण लोकांना दुसरं काही नकोच होतं, शेवटी वाटायला लागलं की हे लिहिणाऱ्याला आणि चाल लावणाऱ्याला कोणीतरी गळा दाबून मारायला हवं होतं. चाल त्याचीच होती!

म्हणजे तीच बारा मिनिटं पोटाला घालतात आणि तीच गळ्याशी येतात. बापूकाकांना एसटीचा कधी कंटाळा आला असेल का, हे कोणी विचारलंच नाही त्यांना. आम्ही धरून उठवत राहिलो. १९२२ च्या फेब्रुवारीत डेट्रॉईटला चालू खेळात विल्यम्स कोसळला, तर लोकांना वाटलं हा विनोदच आहे, असं सांगतात. आठवडाभरात तो गेला, सत्तेचाळीस वर्षांचा.

मध्येच चेरी भगिनींबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयोवातल्या शेतकरी घरच्या बहिणी, गाणी, कविता, नैतिक उपदेशाच्या नाटिका, सगळं स्वतः रचलेलं आणि सगळं भीषण. इतकं भीषण की १८९६ ला न्यूयॉर्कच्या ऑस्कर हॅमरस्टीनने थिएटर भरावं म्हणून मुद्दाम यांना बोलावलं आणि भरलं. लोक भाज्या फेकायला यायचे. बहिणींचं म्हणणं शेवटपर्यंत हेच की आमची कला चांगली आहे, फेकणाऱ्यांना समजत नाही. एका पेपरात फारच झोंबणारं परीक्षण आलं, त्यांचे हात, चेहरे, आवाज सगळ्यांवर, तर त्या कोर्टात गेल्या आणि १९०१ ला आयोवाच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की लोकांसमोर कला दाखवणाऱ्यावर अशी टीका करायला मोकळीक आहे. तो निकाल पुढे महत्त्वाचा ठरला. पुढे एकीने सीडर रॅपिड्सच्या महापौरपदाची निवडणूकही लढवली, अर्थात पडली. मला या बायका मनापासून आवडतात. एवढ्या भाज्या खाऊन कार्यक्रमातली एक ओळ न बदलण्याला काहीतरी म्हणायला हवं.

आपल्या बाजूलाही एक बारीक धागा येतो. रूथ सेंट डेनिस नावाची नर्तिका १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉडव्हिलमध्ये ‘राधा’ नावाचा नाच करायची, हिंदुस्थान तोवर तिने पाहिलेलाच नव्हता, इजिप्शियन सिगारेटच्या एका पोस्टरवरून तिला हे सगळं सुचलेलं. ही आपली राधा एखाद्या मुष्टियोद्ध्याच्या आणि माकडांच्या अ‍ॅक्टच्या मध्ये उभी असायची म्हणे. वीस वर्षांनी, १९२६ ला, ती आपली कंपनी घेऊन खरोखरच हिंदुस्थानात आली, मुंबईतही खेळ केले. मला फार उत्सुकता आहे की ओट्यावर कढईत भजी सोडता सोडता रोजच राधा गुणगुणणाऱ्या एखाद्या गिरगावकर बाईने ते बघितलं असतं तर काय म्हणाली असती.

आता ते मोबाईलवालं प्रकरण. वॉडव्हिल सिनेमाने मारलं असं सरसकट म्हणतात, पण सिनेमा तर तिथेच वाढला, खेळाच्या शेवटी एक छोटी रीळ दाखवायचे. माझ्या मते खरा घाव घातला तो रेडिओने आणि बोलपटाने मिळून, कारण त्यांनी बारा मिनिटं एका रात्रीत संपवून टाकली. पूर्वी जो अ‍ॅक्ट गावोगाव फिरून वर्षानुवर्षं पुरायचा तो एका संध्याकाळी अख्ख्या देशाने ऐकला, आणि पुढच्या आठवड्यात काय? नवीन. त्याच्या पुढच्या आठवड्यात? परत नवीन. फ्रेड अ‍ॅलन आधी स्टेजवर बॉल फेकून झेलायचा, मग बोलायला लागला, फार तल्लख माणूस, १९३२ पासून रेडिओवर. दर आठवड्याचं स्क्रिप्ट लिहिता लिहिता ब्लडप्रेशर घेऊन बसला. आणि धंद्यातला विनोद असा की जोसेफ केनेडीने, हो, राष्ट्राध्यक्ष केनेडीचे वडील, १९२८ मध्ये अल्बीची कंपनी त्याच्या हातून काढून घेतली आणि ती एका रेडिओ कंपनीबरोबर सिनेमाच्या धंद्यात गेली. ज्याने नटांना आयुष्यभर नाचवलं त्या अल्बीला स्वतःच्या ऑफिसात कोणी विचारेना. १९३० ला गेला. मला वाईट वाटलं नाही. न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर, १९१३ ला उघडलेलं, जिथे एकदा नाव लागलं की जन्माचं सार्थक अशी नटांची भावना, तेही १९३२ च्या नोव्हेंबरात सिनेमाला दिलं गेलं. तिथे खेळायचं स्वप्न बघत छोट्या गावांतल्या बोर्डिंग हाऊसमध्ये स्पिरिटच्या दिव्यावर अंडी उकडणारे किती असतील.

तेव्हा मी त्या पोरावर, चुलतभावाच्या मुलावर, मनातल्या मनात फार चिडले होते. हे सगळं जुळवून त्याला ऐकवायचंसुद्धा ठरवलं होतं.

पण मग इव्हा टँगेची आठवण आली. एके काळी आठवड्याला साडेतीन हजार डॉलर घेणारी, वॉडव्हिलची सगळ्यात मोठी बाई. आवाज बेताचा, नाच म्हणजे नुसता धुमाकूळ, केस पिंजारलेले, एकदा तर नवीन पेनींची नाणी लावलेला ड्रेस घालून स्टेजवर. लोक वेडे व्हायचे म्हणतात. १९२९ च्या मंदीत पैसा गेला, डोळे गेले, १९४७ ला हॉलिवूडमध्ये गरिबीत वारली. आणि तिचं आवाजाचं रेकॉर्डिंग उरलंय ते एकुलतं एक, १९२२ चं. मी ते ऐकलंय, खरखर, लांबून येणारा चिरका आवाज, आणि काही म्हणजे काही कळत नाही की लोक का वेडे होत होते. तो धुमाकूळ कुठेच नाही त्यात. उलट बर्न्स आणि ग्रेसीचा अ‍ॅक्ट १९२९ ला आठ-नऊ मिनिटांच्या बोलपटात टिपलाय, आजही फोनवर बघता येतो, ग्रेसीच्या चेहऱ्यावरचा तो निरागस ठामपणा बघून मी भाजी जाळलीय. बर्ट विल्यम्सचा तो एकट्यानेच मूकपणे पत्ते खेळण्याचा प्रसंग, पत्ते नाहीत, समोर कोणी नाही, नुसते हात आणि चेहरा, तो १९१६ च्या सिनेमात आहे म्हणून आपल्याला माहीत आहे की हा माणूस काय चीज होता. यंत्राने ज्यांचं खाल्लं त्यांचंच उरलं. जे हातचं राखून बसले त्यांच्याबद्दल आपण फक्त ‘म्हणतात’ एवढंच म्हणू शकतो. म्हणजे कंडक्टरचा तो टक्‌टक्‌ आवाज माझ्या नातवंडांनी कधी ऐकलाच, तर त्या पोरामुळेच ऐकतील. मी त्याला काही बोलले नाही. चिड मात्र पूर्ण गेलीय असं नाही.

या सगळ्या हिशोबात न बसणारी एक जोडी आहे, जो स्मिथ आणि चार्ली डेल. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साईडला दोन पोरांच्या सायकली आपटल्या, रस्त्यात कडाक्याचं भांडण झालं आणि बघे हसायला लागले. सायकलच्या दुकानदाराला ते भांडण इतकं आवडलं की त्याने दोघांना गोडीने एकत्र फिरायला पाठवलं, अशी कथा आहे. नावं खरी नव्हेतच, एका छापखान्यात दुसऱ्याच कुठल्या जोडीने छापून घेतलेली आणि न उचललेली कार्डं स्वस्तात मिळाली म्हणून हे स्मिथ आणि डेल झाले. त्यांचं एक दवाखान्याचं स्केच होतं, डेल भोंदू डॉक्टर आणि स्मिथ संशयी पेशंट. ते वॉडव्हिलमध्ये झालं, बोलपटात झालं, टीव्हीवर झालं. अख्ख्या देशाने पाहिलं, जोक लहान पोरांना पाठ, आणि तरी परत बोलावलं की हे दोघं तेच करायचे आणि लोक हसायचे. ‘पाहिलंय, नवीन करा’ असं यांना कसं कोणी म्हणालं नाही? मी ते स्केच बरेचदा बघितलंय, हे शोधायलाच. जोक खरं तर साधारण आहेत, काही तर अगदीच शाळकरी. पण डेलचं वाक्य संपायच्या आत स्मिथचा एक डोळा बारीक होतो, दरवेळी किंचित वेगळ्या क्षणी, आणि डेल त्याच्यासाठी तेवढा थांबतो. एवढंच मला सापडलं. डेल १९७१ मध्ये गेला, स्मिथ आणखी दहा वर्षं जगला, सत्त्याण्णवाव्या वर्षापर्यंत, आणि त्या स्केचमध्ये पेशंटला डॉक्टरशिवाय करण्यासारखं काहीच नव्हतं.